सावली पाडणारे पाहुणे

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)



एक्स-रेची काळी फिल्म आपण सगळ्यांनीच कधी ना कधी खिडकीच्या उजेडाकडे धरून पाहिलेली आहे. त्यातलं फारसं काही कळत नाही, पण हाड तेवढं ओळखू येतं. पांढरं दिसतं ते हाड, एवढं ज्ञान घरातल्या आजीलाही असतं. आता त्याच फिल्ममध्ये आतडी शोधा, मूत्रपिंडं शोधा, रक्तवाहिन्या शोधा. नुसता करडा धूसर पसारा. ज्याच्या जोरावर माणूस जगतो ते सगळं चित्रातून गायब, आणि मेल्यावर जे मागे उरतं तो सांगाडा मात्र ठळक!

याचं कारण तसं साधं आहे. क्ष-किरण अडवण्याची ताकद त्या त्या मूलद्रव्याच्या अणुक्रमांकावर ठरते. मांस, चरबी, रक्त यांत कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन अशी हलकी मंडळी. कार्बनचा क्रमांक ६, ऑक्सिजनचा ८. हाडातल्या कॅल्शियमचा २०. क्रमांक दुप्पट झाला की अडवण्याची ताकद नुसती दुप्पट होत नाही, ती आठपटीच्याही पुढे जाते. म्हणून हाडाची सावली पडते आणि बाकीच्यातून किरण आरपार जातात. मग जे दिसत नाही ते दाखवायचं तर काय करायचं? बाहेरून काहीतरी जड पदार्थ त्या जागी नेऊन ठेवायचा. डॉक्टर त्याला काँट्रास्ट म्हणतात, आणि आपण ‘डाय’ म्हणतो. ‘डाय टाकून सीटी स्कॅन सांगितलाय’ हे वाक्य आता घराघरांत ऐकू येतं. खरं तर तो रंग नसतोच. शिरेत टोचतात ते औषध पाण्यासारखं स्वच्छ असतं. ते रंग देत नाही, सावली देतं.

मी कविता लिहिणारा माणूस. बीए झालो, तेही कला शाखेतून. विज्ञानाचा अधिकार माझ्याकडे नाही. पण सावली हा आमच्या धंद्यातला माल आहे, म्हणून या सावली पाडणाऱ्या पाहुण्यांच्या इतिहासात मी थोडा शिरलो. पाहुणा हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. पाहुणा कसा आला, किती गोड बोलला, हे आपण पाहतोच. पण घरातल्या बाईच्या मनात पहिल्या दिवसापासून एक प्रश्न असतो, हा जाणार कधी? वैद्यकाला हा प्रश्न नीट विचारायला निम्मं शतक लागलं.

विल्हेल्म राँटगेननं क्ष-किरण शोधले ते ८ नोव्हेंबर १८९५ ला, जर्मनीतल्या वुर्झबर्ग गावी. डिसेंबरात त्यानं बायकोच्या हाताचं चित्र घेतलं, बोटातल्या अंगठीसकट. आणि जानेवारी १८९६ संपायच्या आत व्हिएन्नात हाशेक आणि लिंडेनथाल या दोघांनी हाताच्या रक्तवाहिन्यांचं चित्र काढून दाखवलंसुद्धा! मृत माणसाच्या कापलेल्या हाताच्या धमन्यांमध्ये त्यांनी चुना, हिंगूळ आणि खनिज तेल यांचं मिश्रण भरलं. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं संयुग. चित्र घ्यायला ५७ मिनिटं लागली. आजही ते पाहिलं तर अंगावर काटा येतो. पानगळ झालेल्या झाडासारख्या सगळ्या फांद्या स्पष्ट. पण तो हात मेलेला होता. त्या हिंगुळानं पुढे काय केलं, हे विचारायला तिथं कोणी नव्हतं.

जिवंत प्राण्यावर हा प्रयोग केला तो अमेरिकेतल्या हार्वर्डच्या पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थ्यानं. वॉल्टर कॅनन त्याचं नाव. १८९६ च्या डिसेंबरात त्यानं एक हंस खोक्यात उभा केला, त्याच्या लांब मानेभोवती पुठ्ठ्याची उंच कॉलर बसवली आणि त्याला बिस्मथ नावाच्या जड धातूचा क्षार खाऊ घातला. घास मानेतून खाली उतरताना पडद्यावर दिसला. मग त्यानं मांजरं घेतली. त्यात एक गंमत त्याच्या लक्षात आली. मांजर चिडलं किंवा घाबरलं की त्याच्या जठराची हालचाल थांबते. या एका निरीक्षणातून कॅनननं पुढे भीती आणि राग यांचा शरीरावरचा परिणाम उलगडला. आपण टेन्शन आलं की ‘घास उतरत नाही’ म्हणतो. त्याची पहिली साक्ष मांजरानं दिली, तीही बिस्मथ खाऊन!

बिस्मथनं काही रोग्यांना विषबाधा केली. मग १९१० मध्ये जर्मनीत बाखेम आणि ग्युंटर यांनी बेरियम सल्फेट पुढे आणलं. त्याची आणखी ओळख करून द्यायला नको. खडू कालवल्यासारखं ते पांढरं बेरियम आपल्यापैकी कित्येकांनी तोंड वाकडं करून प्यायलेलं आहे. बेरियम हा खरा तर विषारी धातू. त्याचं कार्बोनेट उंदीर मारायला वापरत. पण सल्फेट पाण्यात विरघळतच नाही, त्यामुळे रक्तात जात नाही. पुढच्या दारानं येतो, वाटेत कुणाशी बोलत नाही, मागच्या दारानं निघून जातो. इतका सरळ पाहुणा दुसरा नाही. शंभर वर्षं उलटून गेली तरी त्याची नोकरी शाबूत आहे ती म्हणूनच.

मात्र बेरियमला रक्तात पाठवता येत नाही. तिथे लागला आयोडीन. त्याचा क्रमांक ५३, जड आहे आणि शरीराला अगदीच अनोळखी नाही. फ्रान्समध्ये खसखशीच्या तेलाला आयोडीन जोडून एक औषध करत असत, लिपिओडॉल. १९२१ च्या सुमाराला सिकार आणि फोरेस्टिये या डॉक्टरांना दिसलं की हे तेल एक्स-रेत झळकतं. आपल्या घरात शिऱ्यावर आणि अनारशावर पडते तीच खसखस! तिचं तेल फुप्फुसांच्या नळ्या आणि पाठीचा कणा दाखवू लागलं. लिपिओडॉल अजूनही काही तपासण्यांत वापरलं जातं.

आता मूत्रपिंडांकडे येऊ, कारण इथं गोष्टीला रंग चढतो. १९२३ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या डॉक्टरांना आढळलं, की उपदंशासाठी ज्यांना सोडियम आयोडाइड देतात, त्यांच्या मूत्राची एक्स-रेत सावली पडते. म्हणजे शिरेतून औषध दिलं तर मूत्रपिंडं ते गाळून बाहेर टाकताना स्वतःचंच चित्र काढून देतील. कल्पना सुंदर, पण चित्र फिकं येई आणि औषध सोसवत नसे. मोझेस स्विक नावाचा न्यूयॉर्कचा तरुण डॉक्टर शिष्यवृत्ती घेऊन १९२८ मध्ये जर्मनीत गेला होता. तिथं बर्लिनच्या शेतकी महाविद्यालयात बिन्झ आणि रेट या रसायनतज्ज्ञांनी आयोडीनची नवी संयुगं तयार केली होती. ती जंतुसंसर्गासाठी होती. त्यांतलं एक तर गाईंच्या कासेच्या आजारावर वापरत, आपले शेतकरी ज्याला कासदाह म्हणतात त्यावर. स्विकच्या डोक्यात आलं, की हे लघवीतून भराभर बाहेर पडतं, आयोडीनही आहे, मग याचं चित्र का येऊ नये? त्यानं रसायनतज्ज्ञांकडून रेणूत बदल करून घेतले आणि बर्लिनमधल्या फोन लिश्टेनबर्ग या नामांकित मूत्ररोगतज्ज्ञाच्या विभागात काम पुरं केलं. १९२९ मध्ये युरोसेलेक्टन जगापुढे आलं. आपल्याकडे आयव्हीपी म्हणून जी तपासणी पुढे साठ-सत्तर वर्षं चालली, तिचा हा जन्म.

श्रेयावरून मग जे व्हायचं ते झालं. फोन लिश्टेनबर्ग मोठा माणूस, स्विक परदेशी पोरगा. नाव मोठ्याचं झालं. न्यूयॉर्कच्या वैद्यक अकादमीनं स्विकला पदक दिलं ते १९६० च्या दशकात, तोवर त्याचं वय झालं होतं. गाईच्या वाट्याला काहीच आलं नाही, पण गाय या गोष्टीत पुन्हा भेटणार आहे.

युरोसेलेक्टनचा खरा गुण चित्र हा नव्हता, असं मला वाटतं. ते बाहेर पडत होतं, हा त्याचा गुण. किंबहुना बाहेर पडण्याची वाट हेच त्याचं काम. आणि नेमकं याच सुमाराला अगदी उलट्या स्वभावाचा एक पाहुणा दारात उभा होता.

पोर्तुगालची राजधानी लिस्बन. तिथला एगाश मोनीश हा मज्जातंतूंचा डॉक्टर. कवटीच्या आत मेंदूच्या रक्तवाहिन्या पाहायच्या, हा त्याचा ध्यास. त्याची बोटं संधिवातानं आखडलेली, त्यामुळे सुई धरायला अल्मेदा लिमा हा सहकारी. आधी त्यांनी ब्रोमिनचा क्षार वापरला, त्यात एक रोगी दगावला. मग सोडियम आयोडाइडवर आले आणि २८ जून १९२७ ला जिवंत माणसाच्या मेंदूतल्या धमन्या पहिल्यांदा दिसल्या. पण आयोडाइडची आग रोग्याला सहन होत नसे. म्हणून जेव्हा थोरोट्रास्ट नावाचं नवं औषध आलं, तेव्हा १९३१ मध्ये मोनीशनं ते उचललं, आणि एकट्या मोनीशनं नव्हे, सगळ्या जगानं उचललं.

थोरोट्रास्ट म्हणजे थोरियम डायऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण, गोंदासारख्या द्रवात मिसळलेले. थोरियमचा क्रमांक ९०. म्हणजे चित्र कसं, तर लख्ख! आग नाही, उलटी नाही, ताप नाही. सुई टोचली तेवढंच. शिवाय यकृत आणि प्लीहा ते कण गोळा करत, त्यामुळे त्या दोन अवयवांचं चित्रही फुकटात मिळे.

थोरियम आपल्याला परका नाही. माझ्या पिढीतल्या लोकांनी गॅसबत्ती पाहिलेली आहे. उरुसात, वरातीत, तमाशाच्या फडात, डोक्यावर बत्ती घेऊन चालणारी माणसं. पंप मारला की ते जाळीचं ‘मेंटल’ पांढरंशुभ्र पेटायचं. तो उजेड थोरियम डायऑक्साइडचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला युरोपातल्या शहरांचे रस्ते याच जाळीनं उजळले, आणि त्यासाठी लागणारं थोरियम पुढे त्रावणकोरच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतून जाऊ लागलं. १९०९ मध्ये एका जर्मन रसायनतज्ज्ञाला त्या वाळूत मोनाझाइट सापडलं होतं. बत्तीत असताना या पदार्थाकडून फारशी भीती नव्हती. थोरियमचे अल्फा कण साध्या कागदानं अडतात. पण कागद बाहेर असतो. यकृताच्या आत, एका पेशीला चिकटून बसलेल्या कणाला अडवायला कागद नाही, शेजारची पेशीच आहे.

आणि हे कण जात नाहीत. विरघळत नाहीत, मूत्रातून निघत नाहीत. यकृत, प्लीहा आणि हाडांतल्या मज्जेत जन्मभर मुक्काम. त्यांचा किरणोत्सार निम्मा व्हायला लागतात सुमारे १,४०० कोटी वर्षं. विश्वाचं वयही त्याहून थोडं कमीच भरतं. ज्या गुणामुळे यकृताचं चित्र फुकटात मिळत होतं, तोच हा अवगुण.

हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं, असं म्हणून सुटका करून घेता येत नाही. घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग भरणाऱ्या न्यू जर्सीच्या कामगार मुली ब्रशचं टोक ओठांनी टोकदार करत. त्यांचे जबडे कसे झडले, हे १९२० च्या दशकात वर्तमानपत्रांत छापून आलं होतं. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या औषधविषयक परिषदेनं १९३२ मध्येच थोरोट्रास्टविरुद्ध सावधगिरीचा इशारा दिला होता. तरीही ते चाललं. डॉक्टरांची बाजूही ऐकली पाहिजे. मेंदूत गाठ असलेला माणूस समोर पडला आहे, नेमकी जागा कळली नाही तर तो महिन्याभरात जाणार, अशा वेळी वीस वर्षांनंतरच्या धोक्याचा हिशोब कोण करील? हा युक्तिवाद मला पटतो. पण फक्त त्या रोग्यापुरता. थोरोट्रास्ट तेवढ्यावर थांबलं नाही. साध्या डोकेदुखीसाठी, फेफऱ्यासाठी, सायनससाठी, मूत्रपिंडासाठी, लहान मुलांनासुद्धा ते दिलं गेलं. जपानमध्ये युद्धात जखमी झालेल्या सैनिकांना दिलं. जगभर लाखो लोकांच्या शरीरात ते १९५० च्या दशकापर्यंत जात राहिलं.

१९४७ मध्ये अमेरिकेत एका स्त्रीच्या यकृताच्या कर्करोगाची नोंद झाली. बारा वर्षांपूर्वी तिला थोरोट्रास्ट टोचलेलं होतं. मग एकेक येऊ लागले. पंचवीस-तीस वर्षं निवांत गेलेली माणसं. लढाईतून वाचलेली, नोकऱ्या केलेली, नातवंडं झालेली. पोट फुगलं म्हणून एक्स-रे काढावा तर यकृत आणि प्लीहा फिल्मवर हाडासारखे पांढरे, कुणी डाय दिलेला नसताना! शवविच्छेदनानंतर यकृताचा काप अंधारात फोटोच्या फिल्मवर ठेवला तर तो आपलं चित्र आपणच उमटवी.

डेन्मार्क, जर्मनी, पोर्तुगाल, जपान या देशांनी या लोकांच्या याद्या केल्या आणि पुढची कित्येक दशकं त्यांचा पाठपुरावा केला. जर्मनीतल्या यादीत थोरोट्रास्ट घेतलेले २,३२६ जण होते, आणि तुलनेसाठी न घेतलेले १,८९० जण. न घेतलेल्यांमध्ये यकृताचे घातक अर्बुद निघाले तीन. घेतलेल्यांमध्ये ४५४. हा आकडा मी एकदा वाचला आणि पुन्हा वाचला. त्यातला कुणी डॉक्टरकडे तक्रार घेऊन गेला नव्हता, कारण इंजेक्शननंतर तक्रार करावी असं काही झालंच नव्हतं. मला अस्वस्थ करतं ते हेच. ज्या औषधांनी आग केली, उलट्या करवल्या, त्यांच्या चुका रोग्यानं ओरडून सांगितल्या आणि त्या सुधारल्या गेल्या. हा पाहुणा इतका शालीन होता की त्याच्यावर कुणाचं लक्षच गेलं नाही. किरणोत्सारापासून कामगारांना किती जपावं याचे जे नियम आज आहेत, त्यांच्यामागच्या अभ्यासात या माणसांच्या यकृतांची साक्ष आहे.

पुढे आयोडीनच राज्यावर आला, आणि त्याचीही आग हळूहळू विझवावी लागली. त्या काळची आयोडीनची औषधं क्षार होती. मीठ पाण्यात पडलं की त्याचे दोन तुकडे होतात, तसे त्यांचेही होत. एकात आयोडीन, दुसरा बिनकामाचा. असे दुप्पट कण रक्तात गेले की द्रावण रक्ताच्या पाच ते आठ पट दाट होई आणि पायाच्या धमनीत सोडल्यावर रोगी किंचाळे. स्वीडनमधल्या माल्मोचा टॉर्स्टन आल्मेन हा डॉक्टर. त्याला पोहण्याचा नाद. बाल्टिकच्या मचूळ पाण्यात डोळे उघडे ठेवून पोहता येतं, पण पश्चिम किनाऱ्याच्या खारट समुद्रात ते चुरचुरतात, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. दोष मिठाचा, म्हणजे दाटपणाचा. मग न तुटणारा रेणूच का करू नये? १९६९ मध्ये त्यानं ही कल्पना सैद्धांतिक जीवशास्त्राच्या एका नियतकालिकात मांडली. नॉर्वेतल्या एका कंपनीनं ती उचलली आणि १९७० च्या दशकात पहिलं औषध आलं.

मला स्वतःला हे कळलं ते दोन वर्षांपूर्वी. डाय टाकून सीटी स्कॅन करायचा होता. काउंटरवरच्या मुलानं एक छापील कागद पुढे केला. ‘‘चाचा, इथं सही करा.’’ मी विचारलं, ‘‘बाळा, यात लिहिलंय काय?’’ ‘‘काही नाही चाचा, डाय असतो, सगळेच करतात सही.’’ कागद इंग्रजीत होता. रांगेतल्या बहुतेकांना तो वाचता येण्यासारखा नव्हता आणि त्यांना वाचून दाखवायला कुणाला वेळ नव्हता. मी वाचला. दमा आहे का? याआधी डायचा त्रास झाला होता का? मूत्रपिंड बरं आहे का, क्रिएटिनिन किती? या एकेका प्रश्नामागे कुणीतरी माणूस मेलेला आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. एक प्रश्न कोळंबी-खेकड्यांचाही होता. मासळीच्या अ‍ॅलर्जीचा आणि डायचा खास संबंध नाही, असं आता तज्ज्ञ सांगतात, पण छापील कागदाचं आयुष्य ज्ञानापेक्षा मोठं असतं. सुई टोचल्यावर गळ्यापासून ओटीपोटापर्यंत एक ऊब पसरत गेली, लघवी झाली की काय असं वाटण्याइतकी. तेवढंच. किंचाळी नाही. ती आल्मेनच्या पोहण्याची कृपा. मूत्रपिंडं धड असतील तर हे औषध दर दोन तासांनी निम्मं होत बाहेर पडतं. घरी येऊन मी तांब्याभर पाणी प्यालो आणि पाहुण्याला वाटेला लावलं.

आतापर्यंतचे पाहुणे सावली पाडणारे होते. दुसरी एक जात आहे, ती सावली पाडत नाही, आतून खूण करते. तिला ट्रेसर म्हणतात, माग देणारा. या जातीचा मूळपुरुष हंगेरीचा जॉर्ज हेवेशी. १९११ मध्ये तो मँचेस्टरला रदरफर्डच्या प्रयोगशाळेत होता आणि एका बाईंच्या घरी पैसे भरून जेवत होता. त्याला संशय होता, की ताटांत उरलेलं मांस बाई पुढच्या दिवसांत नव्या पदार्थात घालून पुन्हा वाढतात. बाई अर्थातच नाही म्हणत. खाणावळीत दिवस काढलेल्या कुठल्याही मराठी विद्यार्थ्याला हेवेशी सख्ख्या भावासारखा वाटावा! एके दिवशी त्यानं उरलेल्या मांसावर किरणोत्सारी पदार्थाचा कणभर अंश टाकला. काही दिवसांनी पानात आलेल्या पदार्थाजवळ त्यानं इलेक्ट्रोस्कोप धरला. यंत्रानं चोरी पकडली.

याच माणसानं १९२३ मध्ये किरणोत्सारी शिसं पाण्यात घालून ते शेंगेच्या रोपात कुठवर चढतं ते पाहिलं. १९३४ मध्ये त्यानं जड पाणी वापरून मोजलं, की आपण प्यालेलं पाणी शरीरात किती काळ राहतं. उत्तर आलं, सरासरी तेरा दिवस. पाहुणा जाणार कधी, हा घरातल्या बाईचा प्रश्न विज्ञानानं इथं पहिल्यांदा सरळ विचारला. १९३५ मध्ये किरणोत्सारी फॉस्फरस उंदरांना देऊन त्यानं दाखवलं, की हाडांतला फॉस्फरससुद्धा सतत बदलत असतो. एक्स-रेच्या फिल्मवर एवढं ठाम उभं राहणारं हाड, तेही वाहतं आहे! १९४३ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं.

ट्रेसर निवडायचा तर तो लवकर विझणारा हवा. टेक्नेशियम हे मूलद्रव्य सेग्रे आणि पेरिए यांना १९३७ मध्ये सिसिलीतल्या पालेर्मोत सापडलं. त्याचा एक प्रकार सहा तासांत निम्मा होतो. चित्र काढायला पुरे, मुक्कामाला अपुरा. पण सहा तासांत निम्मं होणारं औषध गावोगाव पोचवायचं कसं? अमेरिकेतल्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेत १९५८ च्या सुमाराला यावर तोड निघाली. टेक्नेशियम ज्यातून जन्मतं ते मॉलिब्डेनम ६६ तासांत निम्मं होतं. ते शिशाच्या डब्यात भरून पाठवायचं. रोज सकाळी त्यातून मिठाचं पाणी सोडलं की ताजं टेक्नेशियम निघतं. त्या डब्याला जगभरचे तंत्रज्ञ ‘गाय’ म्हणतात आणि त्या कामाला धार काढणं! ब्रूकहेवननं पेटंटचा विचार केला होता, पण या वस्तूला बाजारात गिऱ्हाईक दिसेना म्हणून तो सोडला गेला. हृदयाच्या, हाडांच्या, थायरॉइडच्या तपासण्यांत आज जगात सर्वांत जास्त वापरला जातो तो हाच ट्रेसर.

आपल्याकडे तुर्भ्याला अप्सरा अणुभट्टी १९५६ मध्ये सुरू झाली आणि परळला टाटा रुग्णालयाच्या शेजारी १९६३ मध्ये रेडिएशन मेडिसिन सेंटर उभं राहिलं. तिथंच २००२ मध्ये देशातलं पहिलं वैद्यकीय सायक्लोट्रॉन बसलं. पेट स्कॅनसाठी लागणारं किरणोत्सारी फ्लोरिन ११० मिनिटांत निम्मं होतं. परळहून निघालेली गाडी सायनला अडकली तर औषध वाटेतच म्हातारं व्हायचं. म्हणून यंत्र रुग्णालयाजवळ हवं.

राहिलं गॅडोलिनियम. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, तिथं हा चुंबकी धातू शरीरातल्या पाण्याला चेतवून चित्र उजळवतो. नुसता दिला तर विषारी, म्हणून त्याला रेणूच्या पिंजऱ्यात कोंडून पाठवतात. १९८८ पासून तो वापरात आहे आणि बराच काळ त्याला अगदी निर्धोक मानत. २००६ मध्ये ऑस्ट्रियातल्या एका डॉक्टरनं दाखवलं, की ज्यांची मूत्रपिंडं निकामी आहेत अशा काहींची कातडी या औषधानंतर लाकडासारखी कडक होते. पाहुण्याला निघायला वाट नव्हती, आणि थांबला तेवढ्यात पिंजरा सैल झाला. २०१४ मध्ये जपानी डॉक्टरांना, ज्यांना ते पुष्कळ वेळा दिलं होतं त्यांच्या मेंदूच्या चित्रांत त्याच्या खुणा दिसल्या. या खुणांमुळे मेंदूला अपाय झाल्याचं सिद्ध झालेलं नाही. तरी युरोपच्या औषध संस्थेनं २०१७ मध्ये सैल पिंजऱ्याची बरीचशी औषधं थांबवली. या वेळी कुणी पंचवीस वर्षं थांबलं नाही.

आणि जे गॅडोलिनियम ठरल्याप्रमाणे शरीराबाहेर पडतं, त्याचं काय? १९९६ मध्ये जर्मनीतले दोन भूरसायनतज्ज्ञ नद्यांच्या पाण्यातली दुर्मिळ मूलद्रव्यं मोजत होते. दाट वस्तीच्या भागांतून वाहणाऱ्या नद्यांमध्ये बाकीची मूलद्रव्यं प्रमाणात, एकटं गॅडोलिनियम भलतंच वर. शोध घेतला तर त्याचा उगम एमआरआयच्या खोल्यांत निघाला. पिंजरा पक्का असल्यामुळे सांडपाण्याच्या शुद्धीकरण केंद्रात तो अडकत नाही. बर्लिनमध्ये पुढे काही भागांतल्या नळाच्या पाण्यातही त्याचा अंश सापडला. पाण्याचे अभ्यासक आता त्याचाच ट्रेसर म्हणून उपयोग करतात. शहराचं किती सांडपाणी नदीत उतरलं, त्यातलं किती जमिनीतून मुरत विहिरीपर्यंत आलं, हे त्यांना कुणाच्या तरी शिरेतून निघालेलं गॅडोलिनियम सांगतं.